सरकारच्या मसुद्यावर हरकत कशी नोंदवायची : कोल्हापूरकरांसाठी

कोल्हापूरला रस्त्यावर उतरायला शिकवावं लागत नाही. टोलची लढाई शहर रस्त्यावर लढलं आणि टोल गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी वकील आणि नागरिक वर्षानुवर्षं झगडले आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून बेंचचं काम सुरू झालं. पण मोबाइलमधली आपली माहिती कोण वापरणार, एआयनं केलेल्या व्हिडिओवर कसली खूण असावी, विजेचा दर किती, कुठल्या प्लॉटवर आरक्षण पडणार, हे ठरतं तेव्हा चौकात काहीच घडत नाही. राजपत्रात एक मसुदा येतो. त्यात एक तारीख आणि एक पत्ता असतो. त्या तारखेच्या आत ज्यांनी लेखी दिलं, त्यांचं म्हणणं फाइलला लागतं.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर सरकारबद्दल जे बोललं जातं ते पुष्कळदा रास्त असतं. ते कुठल्या नियमाच्या कुठल्या खंडाबद्दल आहे आणि त्या जागी काय हवं, एवढं लिहून मुदतीत पोचवलं तर त्याची हरकत होते. हे काम वकिलाशिवाय होतं. दोन संध्याकाळी पुरतात.

मसुदा सापडतो कुठे

केंद्र सरकारचे नियम ई-गॅझेटवर, म्हणजे ऑनलाइन राजपत्रात, येतात. तिथे 'भाग २, खंड ३, उपखंड (i)' बघायचं, मंत्रालयांचे सर्वसाधारण नियम तिथे असतात. क्रमांकाआधी 'सा.का.नि.' आणि शेवटी कंसात 'अ' दिसलं की तो असाधारण राजपत्रातला नियम समजायचा. उपखंड (ii) मध्ये 'का.आ.' क्रमांकाचे आदेश असतात. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय स्वतःच्या संकेतस्थळावरही मसुदा टाकतं आणि सूचना मायगव्ह या सरकारी पोर्टलवर किंवा ईमेलनं मागवतं. दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, आपल्या संकेतस्थळावर 'सल्लामसलत पत्र' काढतं.

राज्याचं राजपत्रही ऑनलाइन आहे. महाराष्ट्राच्या कायद्यांखालचे नियम भाग चार-ब मध्ये आणि केंद्राच्या कायद्यांखाली राज्यानं केलेले नियम भाग चार-अ मध्ये. शासन निर्णयांचं संकेतस्थळ वेगळं असतं. तिथे जे सापडतं तो बहुतेक वेळा झालेला निर्णय असतो, मसुदा नव्हे, त्यामुळे तिथे हरकतीचा पत्ता शोधत बसू नये.

महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय आणि वीज कंपनीच्या जाहीर नोटिसा कोल्हापुरात निघणाऱ्या दैनिकांत आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, बारीक टायपात येतात. रोज सकाळी ते पान एकदा चाळायचं आणि 'हरकती व सूचना' हे शब्द दिसले की फोटो काढून ठेवायचा. फोटोत वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख आली पाहिजे, पुढे मुदत मोजताना तोच पुरावा असतो.

मुदत आधी, मजकूर नंतर

मसुदा हातात आला की पहिल्यांदा तारीख बघा. 'प्रसिद्धीपासून तीस दिवस' असं असेल तर प्रसिद्धी कुठली ते बघा: राजपत्रातली, संकेतस्थळावरची की वर्तमानपत्रातली. ते स्पष्ट नसेल तर सगळ्यांत आधीची तारीख धरा.

केंद्रानं २०१४ साली कायदेपूर्व सल्लामसलतीचं धोरण ठरवलं. त्यात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, सोप्या भाषेत टिपण जोडावं, आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा, असं म्हटलं आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही, आणि ते सर्रास बाजूला ठेवलं जातं. डीपफेकवरच्या, म्हणजे एआयनं केलेल्या बनावट व्हिडिओ-फोटोंवरच्या, माहिती तंत्रज्ञान नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीच्या पाडव्याला आला. सूचनांना मुदत ६ नोव्हेंबर. म्हणजे पंधरा दिवस, त्यातली भाऊबीज गेली, घरी आलेले पाहुणे गेले. पुढे मुदत १३ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. कोट्यवधी लोकांच्या फोनवर परिणाम करणाऱ्या नियमाला एवढी मुदत देणं चुकीचंच आहे, आणि हेही हरकतीत एका वाक्यात लिहावं. वैयक्तिक डेटाच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला तेव्हा १८ फेब्रुवारीची मुदत ५ मार्चपर्यंत वाढली होती. मुदतवाढ मिळते, पण तिच्यावर विसंबायचं नाही. मागायची असेल तर पहिल्याच आठवड्यात वेगळ्या ईमेलनं मागावी आणि आपली हरकत मूळ मुदतीतच पाठवावी.

शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी देता येतं, असं सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ चं कलम १० म्हणतं. त्याच्या भरवशावर राहणं मात्र धोक्याचं. पोर्टल रात्री बारानंतर बंद झालं तर ते कलम घेऊन भांडायला आपल्याला वेळ नसतो. मुदतीच्या तीन दिवस आधी पाठवून मोकळं व्हावं.

अधिनियम आणि नियम यांतला फरक

बहुतेक हरकती इथेच वाया जातात. संसद किंवा विधिमंडळ करतं तो अधिनियम. त्यानं दिलेल्या अधिकारात मंत्रालय किंवा विभाग करतो ते नियम. नियमांच्या मसुद्यावर हरकत घेऊन अधिनियमातली गोष्ट बदलत नाही.

राजारामपुरीत शिकवणी चालवणाऱ्याचं उदाहरण घ्या. त्याच्याकडे मुलांची नावं, पालकांचे मोबाइल नंबर, फोटो, हजेरी असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. 'ही मर्यादा १६ करा' असं त्यानं नियमांच्या मसुद्यावर लिहिलं तर अधिकारी बाजूला 'अधिनियमाच्या कक्षेतील बाब' असा शेरा मारून पुढे जातो, कारण १८ हा आकडा अधिनियमातल्या व्याख्येतच आहे. संमती पडताळायची कशी, कुठल्या कागदावर, मोबाइल नंबरवरचा ओटीपी पुरेल का, शैक्षणिक संस्थांना दिलेल्या सवलतीत खासगी शिकवणी येते का, हे मात्र नियमांत आणि त्यांच्या अनुसूचीत ठरतं. हरकत तिथे घ्यायची. (ते नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतिम झाले, आणि बहुतेक बंधनं १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. शिकवणीवाल्यांनी तोपर्यंत आपल्या वह्या आणि व्हॉट्सॲप ग्रुप आवरून घ्यावेत.)

तेव्हा मसुदा वाचताना प्रस्तावनेतलं 'कलम अमुकने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून' हे वाक्य आधी पकडायचं. ते कलम इंडिया कोडच्या संकेतस्थळावरून उघडायचं आणि सरकारला तिथे नेमका कशाचा अधिकार दिला आहे ते वाचायचं. मसुदा त्या अधिकाराबाहेर गेला असेल तर तीच सगळ्यांत बळकट हरकत, आणि ती पहिल्या क्रमांकावर लिहावी.

दुरुस्तीचा मसुदा नुसता वाचून कळत नाही. 'नियम ३ मध्ये, पोटनियम (२) नंतर पुढील मजकूर समाविष्ट करण्यात येईल' असं तुटक असतं. मूळ नियम डाउनलोड करून त्यात हे तुकडे स्वतः बसवायचे, नवा मजकूर वेगळ्या रंगात. तासाभराचं काम आहे, पण ते न करता लिहिलेली हरकत बहुधा चुकीच्या खंडावर पडते. मग व्याख्या वाचायच्या, आपण त्यात येतो की नाही ते बघायला. नंतर परंतुकं, म्हणजे 'परंतु' ने सुरू होणारे परिच्छेद, कारण सवलती तिथे असतात. शेवटी अनुसूची, कारण आकडे तिथे लपलेले असतात.

हरकत लिहायची कशी

एका मुद्द्याला एक परिच्छेद. प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी: खंडाचा पूर्ण क्रमांक, त्यातले आक्षेपाचे शब्द जसेच्या तसे, त्यामुळे आपल्यावर होणारा परिणाम आकड्यांत, आणि त्या जागी सुचवलेला मजकूर. चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा राहते, आणि अधिकाऱ्याला सगळ्यांत जास्त उपयोग तिचाच. 'हा नियम जाचक आहे, रद्द करा' यावर त्याला काही करता येत नाही. 'अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घाला' यावर त्याला हो किंवा नाही असं लिहावंच लागतं.

डीपफेकच्या त्या मसुद्यात एआयची सुविधा देणाऱ्या मध्यस्थांनी, म्हणजे ॲप आणि संकेतस्थळं चालवणाऱ्या कंपन्यांनी, दृश्य मजकुरावर किमान १० टक्के जागेत, आणि आवाजाच्या बाबतीत सुरुवातीच्या १० टक्के वेळात, खूण लावावी असं म्हटलं होतं. कोल्हापुरातला फ्लेक्स आणि लग्नाच्या अल्बमचा धंदा डोळ्यांसमोर ठेवला तर त्यावरची हरकत अशी लिहिता आली असती:

"मुद्दा १. प्रस्तावित नियम ३(३). आक्षेप : खुणेसाठी 'किमान दहा टक्के' जागेची अट.

परिणाम : आम्ही फोटोची पार्श्वभूमी बदलणे व जुने फोटो स्वच्छ करणे यासाठी एआयची साधने वापरतो. १० फूट बाय २० फूट फ्लेक्स २०० चौरस फुटांचा होतो. दहा टक्क्यांच्या अटीने त्यातील २० चौरस फूट जागा खुणेत जाईल व ग्राहक तो स्वीकारणार नाही. याउलट मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या फसव्या व्हिडिओत खूण किती मोठी आहे यापेक्षा ती काढता येते की नाही हे महत्त्वाचे आहे.

सुचवलेला मजकूर : 'दृश्य क्षेत्राच्या किमान दहा टक्के' या शब्दांऐवजी 'सहज दिसेल व वाचता येईल अशी' हे शब्द घालावेत. तसेच रंग, प्रकाश, स्वच्छता यांसारख्या नेहमीच्या संपादनास, ज्यामुळे व्यक्ती किंवा प्रसंग यांविषयी दिशाभूल होत नाही, ही अट लागू नसावी, असे परंतुक जोडावे."

एवढंच. एकशे दहा शब्दांच्या आसपास. १० फेब्रुवारी २०२६ ला अंतिम नियम अधिसूचित झाले तेव्हा १० टक्क्यांची अट त्यात नव्हती, आणि नेहमीच्या प्रामाणिक संपादनाला सूट होती. मसुदा आणि अंतिम नियम यांत इतकं अंतर पडू शकतं, म्हणून हा खटाटोप.

मसुद्यातली एखादी तरतूद चांगली असेल तर तेही लिहावं. याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. ज्या कंपन्यांना ती नको असते त्यांचे वकील ती गाळा म्हणून पानंच्या पानं लिहितात. दुसऱ्या बाजूनं कोणीच काही म्हटलं नाही तर फाइलवर फक्त विरोध दिसतो. 'नियम अमुक आहे तसाच ठेवावा, कारण...' हीसुद्धा पूर्ण हरकत-सूचना आहे.

काय लिहू नये: पक्षांची नावं, मंत्र्यांवर टीका, 'जनतेत तीव्र संताप आहे', ऐकीव आकडेवारी. सरकारबद्दलचा राग खरा असेल, पण त्या पानावर तो मुद्द्याची जागा खातो. एआयला सांगून हरकत लिहून घेतली तर त्यातला प्रत्येक खंड क्रमांक मसुद्याशी ताडून बघा. अस्तित्वात नसलेलं कलम आत्मविश्वासानं लिहिण्याची खोड या साधनांना आहे, आणि एक क्रमांक चुकला की बाकीच्या पानावरचा विश्वास उडतो.

ठरावीक नमुना पाठवून काय होतं

ग्रुपवर फिरणारा तयार मजकूर पाठवणं सोपं असतं. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या सेवांना समान वागणूक देण्याच्या, वादाच्या वेळी ट्रायकडे दहा लाखांच्या घरात ईमेल गेले आणि त्या संख्येनं देशाचं लक्ष वेधलं हे खरं. पण त्याच वर्षाच्या शेवटी फेसबुकनं फ्री बेसिक्स या निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या आपल्या योजनेच्या बाजूनं वापरकर्त्यांकडून ठरावीक मजकूर पाठवून घेतला, तेव्हा सल्लामसलत पत्रात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत, असा आक्षेप ट्रायनं घेतला. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियमन आलं ते भेदभावाच्या डेटा दरांना मनाई करणारं होतं. तेव्हा ट्रायच्या पत्रात 'प्रश्न १, प्रश्न २' असं असेल तर त्याच क्रमानं उत्तरं द्यावीत. ज्या प्रश्नावर काही म्हणायचं नाही तो सोडून द्यावा.

गल्लीतल्या शंभर जणांना सामील करायचं असेल तर एका कागदावर शंभर सह्या घेऊ नका, त्याची नोंद बहुधा एकच होते. मुद्दा तोच ठेवून प्रत्येकानं परिणामाचा परिच्छेद स्वतःचा लिहावा: दूधवाल्यानं आपला, सराफानं आपला, शाळेनं आपला. व्यापारी आणि उद्योजक संघटनांनी वेगळी हरकत जरूर द्यावी, पण तिच्यावर सोडून सभासदांनी गप्प बसू नये.

भाषा, फॉन्ट आणि पाठवण्याची पद्धत

हरकत मराठीत चालते. राज्य शासनाकडे तर चालतेच. केंद्राकडेही आपल्या गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० नं दिला आहे. पण खंडाचे क्रमांक आणि सुचवलेला मजकूर इंग्रजीतही जोडला तर दिल्लीतल्या अधिकाऱ्याला तो थेट मसुद्यात बसवता येतो. बाकी मराठी ठेवा. केंद्राचे मसुदे मराठीत मिळत नाहीत ही मोठी उणीव आहे, तीही प्रत्येक हरकतीच्या शेवटी एका ओळीत नोंदवत राहावी.

फॉन्टवरून फार जणांचं घोडं अडतं. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर पोर्टलवर चिकटवला की चिन्हांचा गोंधळ दिसतो. युनिकोडमध्येच टाइप करा. मोबाइलचा मराठी कीबोर्ड युनिकोडच आहे. पीडीएफ वर्डमधून थेट बनवा. कागद छापून, सही करून, मोबाइलनं फोटो काढून पाठवला तर त्यातला शब्द शोधता येत नाही आणि संकलन करणाऱ्याला तो पुन्हा टाइप करावा लागतो. तो करेलच याची खात्री नाही. सही हवीच असेल तर सहीचं पान वेगळं जोडा.

ईमेलच्या विषयात मसुद्याचं नाव, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख. मायगव्हसारख्या पोर्टलवर मजकूर आधी दुसरीकडे लिहून ठेवा आणि मग चिकटवा, कारण मध्येच लॉगिन सुटलं की लिहिलेलं जातं. पाठवल्यानंतरच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. ईमेलला पोच आली नाही तर दोन दिवसांनी तोच ईमेल पुढे पाठवून पोच मागा.

कागदावर द्यायचं तर दोन प्रती. महापालिकेची हरकत भाऊसिंगजी रोडवरच्या मुख्य इमारतीत किंवा नोटिशीत दिलेल्या विभागात, जिल्हाधिकाऱ्यांची नागाळा पार्कात. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही, चारही हवं. नुसत्या शिक्क्यावर परत येऊ नका. आवक क्रमांक नसेल तर नंतर ती हरकत नोंदवहीत सापडत नाही. साहेबांच्या हातात निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतो, पण तो पोच नव्हे. मुंबई-दिल्लीला पाठवायचं तर स्पीड पोस्टनं, पोच सेवेसह. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, त्यामुळे खिडकीवर तशी नोंदणी मागून घ्यावी लागते.

आधारची झेरॉक्स जोडू नका. नाव, पत्ता आणि व्यवसाय पुरे.

नाव उघड होतं का

हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे आणि आधी बघणं गरजेचं आहे. ट्राय आलेल्या सूचना संकेतस्थळावर टाकतं. २०१५ मध्ये तर पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्ते सगळ्या जगाला दिसले होते. डेटा नियमांच्या वेळी मंत्रालयानं उलट केलं, सूचना विश्वासात ठेवल्या जातील, उघड केल्या जाणार नाहीत, असं जाहीर केलं. पाठवणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, पण कुठल्या कंपनीनं काय मागितलं हे नागरिकाला कळत नाही, आणि हे बरं नव्हे. संसदीय समितीला दिलेलं निवेदन समितीचं गोपनीय कागदपत्र होतं, त्याला समितीचे विशेषाधिकार लागू होतात. ते समितीला दिल्यावर फेसबुकवर टाकू नये.

विधेयकावर सूचना मागवणं विधिमंडळाच्या हातात असतं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. विधानसभेनं १० जुलै २०२५ ला ते मंजूर केलं, समितीनं सुचवलेल्या बदलांसह. ज्यांना ते नको होतं त्यांचं समाधान झालं नाही, पण प्रत्येक सूचना नोंदीत राहिली, आणि कायद्याच्या अर्थावरून पुढे वाद झाला तर ही नोंद कामी येते.

शहरातल्या हरकती

विकास आराखड्याचा मसुदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रसिद्ध होतो. मुदत ३० दिवस. इथे वर्णन चालत नाही, जागा ओळखता आली पाहिजे: सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर), वॉर्ड (ए, बी, सी, डी, ई यांपैकी), उपनगरात रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर), आरक्षण क्रमांक आणि नकाशाचा शीट क्रमांक. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि नकाशाचा तो भाग लाल पेननं खूण करून जोडावा. 'आमच्या घरावर आरक्षण टाकलं' एवढंच लिहिलं तर सुनावणीत पहिली पाच मिनिटं घर शोधण्यात जातात, आणि मिळतात तीच तेवढी. आरक्षण हलवायला सांगत असाल तर कुठे हलवायचं तेही सुचवा. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि चारपर्यंत तज्ज्ञ असतात; सुनावणीला स्वतः जा, जमत नसेल तर अधिकारपत्र देऊन घरातल्या माणसाला पाठवा. गैरहजर राहिलात तर लेखी हरकत राहते, पण तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नसतं. एखाद्याच जागेचा बदल कलम ३७ खाली येतो, त्याला एक महिना मिळतो आणि ती नोटीस सहज नजरेतून सुटते.

हद्दवाढीची अधिसूचनाही आधी मसुदा म्हणूनच प्रसिद्ध करावी लागते, महापालिका अधिनियमाच्या कलम ३ मध्ये तशी अट आहे. उचगाव, पाचगाव, कळंबा अशा गावांतल्या लोकांनी ग्रामसभेचा ठराव आणि वैयक्तिक हरकत दोन्ही द्यावीत, आणि बाजूनं असलेल्यांनीही तसंच. घरपट्टी आज किती आणि नंतर किती, पाणी कुठून येतं, कचरा कोण उचलतं, असं आकड्यांत लिहिलं तरच दोन्ही बाजूंच्या हरकती वाचण्याजोग्या होतात.

जमीन संपादनात घाई आणखी मोठी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवस मिळतात, राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली फक्त २१. नोटीस कुठल्या कायद्याखाली आहे ते पहिल्या ओळीत वाचा.

वीजदराचं काम वेगळ्या धाटणीचं. महावितरणची याचिका महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे असते, आणि लोकांच्या हरकती विचारात घेऊनच आदेश द्यावा असं विद्युत अधिनियम, २००३ चं कलम ६४ सांगतं. नोटिशीत सांगितलेल्या पद्धतीनं आयोगाकडे आणि महावितरणकडे, दोन्हीकडे प्रत जाईल असं बघा. बारा महिन्यांची बिलं घेऊन युनिट, स्थिर आकार, वहन आकार यांचा तक्ता करा. शिरोलीच्या फौंड्रीवाल्यानं प्रतिकिलो ओतकामाला किती युनिट लागतात आणि प्रस्तावित दरानं किती रुपये वाढतात हे एका ओळीत मांडलं, तर ती ओळ दहा पानांच्या तक्रारीपेक्षा जड पडते.

पाठवल्यानंतर

अंतिम नियम आले की मसुद्याशेजारी ठेवून वाचा. दोन गोष्टी बघायच्या: आपला मुद्दा कुठे गेला, आणि मसुद्यात नसलेलं काय आलं. डीपफेकच्या अंतिम नियमांत आदेशानंतर मजकूर हटवायची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणली गेली. हा बदल ऑक्टोबरच्या मसुद्यात नव्हता, त्यामुळे त्यावर कोणालाच हरकत घेता आली नव्हती. असं दिसलं की मंत्रालयाला लगेच लेखी कळवायचं, आणि खासदाराला पत्र द्यायचं. अधिनियमाखालचे असे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावे लागतात आणि त्या काळात सदस्य दुरुस्तीचा प्रस्ताव आणू शकतो. कोल्हापूर किंवा हातकणंगले, आपला मतदारसंघ कुठला असेल तिथल्या खासदाराच्या कार्यालयात नियमाचा क्रमांक आणि हवी ती दुरुस्ती लिहून द्या, पोच घ्या.

मग माहिती अधिकार. राज्याच्या कार्यालयाला अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, केंद्राला पाचशे शब्द चालतात. शुल्क दोन्हीकडे १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. 'माझ्या हरकतीचं काय झालं' असं विचारू नका. कागद मागा: एकूण हरकतींची संख्या, त्यांचा गोषवारा किंवा तक्ता, अमुक खंडावरच्या हरकतींबाबतची टिपणी, आणि आवक क्रमांक अमुकवरचा शेरा. सोबत कलम ४(१)(ग) आणि (घ) चा उल्लेख करा. लोकांवर परिणाम करणारं धोरण ठरवताना संबंधित तथ्यं प्रसिद्ध करावीत आणि बाधितांना कारणं सांगावीत, असं ती कलमं म्हणतात. इतरांची नावं मागू नका. डेटा अधिनियमामुळे नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) मधली वैयक्तिक माहितीची सबब जास्त रुंद झाली आहे, आणि नावं मागितली की अख्खा अर्ज त्याच कारणानं नाकारला जाण्याची भीती असते. तरी नकार आलाच तर कलम ८(२) मधलं व्यापक जनहित अजून शाबूत आहे, अपिलात त्यावर बोट ठेवा.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, राज्यात २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील; राज्याच्या कार्यालयाबाबत कोल्हापूर जिल्ह्यासाठी ते राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातं.

कायद्यानं आधी मसुदा प्रसिद्ध करणं सक्तीचं असताना तो केलाच नाही, किंवा मुदत संपायच्या आत अंतिम अधिसूचना काढली, तर तो विषय उच्च न्यायालयाचा होतो आणि त्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही. वकिलाकडे जाताना मूळ राजपत्र, जाहीर नोटिशीचा तारखेसह फोटो, आवक क्रमांकाची प्रत आणि माहिती अधिकाराचं उत्तर, याच क्रमानं फाइल लावून न्या. पहिल्याच भेटीत तो हेच चार कागद मागणार आहे.